इंदूरमध्ये मेडिकल टाकायचंय? आधी एवढं बघ

डी. फार्म. झालं, छान! पण लगेच गाळा शोधू नकोस. भोपाळला राज्य फार्मसी कौन्सिलची नोंदणी कर आणि वर्षभर एखाद्या जुन्या मेडिकलच्या काउंटरला उभा राहा. डॉक्टरांचं अक्षर आणि गिऱ्हाइकांचे स्वभाव तिथेच कळतात.

मग दुकान. किमान 10 चौरस मीटर जागा आणि फ्रिज हवा. फॉर्म 20 व 21 चे (म्हणजे किरकोळ औषधविक्रीचे) परवाने हातात येईपर्यंत माल भरू नकोस.

नवे लोक हमखास चुकतात ते खरेदीत. दवा बाजार (औषधांचा घाऊक बाजार) गावातच असताना पेट्याच्या पेट्या घ्यायच्या कशाला? ‘इतक्यावर इतक्या फुकट’ अशा स्कीमच्या मोहात घेतलेल्या गोळ्याच पुढे एक्सपायर होतात. थोडं थोडं आण, मुदत आधी संपणारं पुढे लाव. इन्सुलिन 2 ते 8 अंशांत ठेव. फ्रिजच्या दारात नको, बर्फालगतही नको.

शेड्यूल एच-1 चं (काही अँटिबायोटिक, सवय लावणारी अशा जास्त कडक नियमांच्या औषधांच्या यादीचं) विक्रीचं रजिस्टर रोजच्या रोज लिही, 3 वर्षं जपावं लागतं. चिठ्ठीशिवाय अँटिबायोटिक मागणारे शेजारचे काका असले तरी सरळ नाही म्हण. (रुसतात, पण परत येतात.)

होलसेलचं, ऑनलाइनचं नंतर बोलू.