शून्यसुद्धा लिहा

प्रश्न : बाई, मी मुलुंडला पाचव्या मजल्यावर राहते. गेल्या वर्षी २० मार्चला, जागतिक चिमणी दिनी, गॅलरीत पाण्याचं परळ ठेवलं आणि त्या दिवसापासून वहीत चिमण्यांची संख्या लिहू लागले. मे महिन्यात एका सकाळी १४ आल्या होत्या. ऑगस्टमध्ये ४-५. दिवाळीनंतर तर कित्येक दिवस एकही नाही. कावळे, कबुतरं, साळुंक्या मात्र रोज हजर. समोरच्या इमारतीवर मोबाइलचा टॉवर आहे, त्यामुळेच चिमण्या गेल्या असं यजमान म्हणतात. ज्या दिवशी चिमणीच येत नाही त्या दिवशी वहीत लिहायचं तरी काय? वही बंद करून टाकू का?
– एक वाचक, मुलुंड

उत्तर : ताई, वही बंद करू नका. ज्या दिवशी चिमणी आली नाही त्या दिवशी तारीख, वेळ आणि पुढे शून्य लिहा. इतक्या ठामपणे का सांगते, ते माझ्याच वहीवरून सांगते.

गिरगावातल्या आमच्या चाळीत मी १९९४ पासून चिमण्या मोजत होते. शाळेतलं एक जुनं हजेरीपुस्तक त्यासाठी ठेवलं होतं. त्यात ‘गॅलरीत २२ चिमण्या’, ‘मीटरच्या पेटीवर मादी काडी घेऊन आली’, ‘देवांच्या तसबिरीमागे पिल्लं ओरडताहेत’ अशा नोंदी आहेत. चिमण्या दिसल्या की लिहायचं, नाही दिसल्या की पान उलटायचं, असा माझा शिरस्ता. २००९ मध्ये चाळ पुनर्विकासासाठी रिकामी झाली. पुढे नव्या इमारतीत राहायला आलो तेव्हा एका पक्षी अभ्यासकानं मला साधा प्रश्न विचारला. तुमच्या चाळीतल्या चिमण्या चाळ पाडल्यावर गेल्या, की आधीच कमी होत गेल्या होत्या? मी मोठ्या विश्वासानं हजेरीपुस्तक काढलं. शेवटची नोंद ११ मार्च २००७ ची, ९ चिमण्या. त्यानंतर चाळ सोडेपर्यंतची दोन वर्षं कोरी.

त्या दोन वर्षांत सासरे अंथरुणाला खिळले होते, इस्पितळाच्या खेपा चालू होत्या. म्हणजे मी बघितलंच नव्हतं की चिमण्याच नव्हत्या? मला आठवत नाही, आणि वही सांगत नाही. कोरं पान दोन्हींना सारखंच दिसतं. तेरा वर्षं लिहिलेल्या त्या वहीतून नेमकी हवी ती गोष्ट मिळाली नाही, याचं मला आजही वाईट वाटतं. तुमच्या वहीचं तसं होऊ नये.

आता मोजायचं कसं. रोज एकच जागा, एकच वेळ आणि १५ मिनिटं. सकाळची उन्हं वर येण्याआधीची वेळ चांगली. चिमणी येते, उडते, पुन्हा येते, त्यामुळे प्रत्येक खेपेला बेरीज करत गेलात तर ४ चिमण्यांच्या २० होतात. एका वेळी एकत्र दिसलेल्या सर्वांत जास्त चिमण्या, तोच त्या दिवसाचा आकडा. जमलं तर नर-मादी वेगळे लिहा. डोक्यावर राखाडी टोपी आणि गळ्याखाली काळा डाग तो नर. मादी फिकट मातकट, डोळ्यामागे पिवळसर भुवई. काडी किंवा चोचीत अळी घेऊन जाताना दिसली तर तेही लिहा, कारण त्याचा अर्थ जवळपास घरटं आहे.

तुमच्या मे महिन्यातल्या १४ आणि ऑगस्टमधल्या ४-५ यांची तुलना मात्र करू नका. उन्हाळ्यात नुकती उडू लागलेली पिल्लं आईबापांबरोबर येतात, संख्या फुगते, मग ती पांगतात. मेची तुलना पुढच्या मेशी करायची. म्हणूनच एका वर्षात निकाल लागत नाही, आणि म्हणूनच वही बंद करायची नाही.

कावळे, कबुतरं, साळुंक्याही लिहा. हे काम मला सर्वांत महत्त्वाचं वाटतं. ‘स्टेट ऑफ इंडियाज बर्ड्स’ हा देशातल्या पक्ष्यांचा अहवाल २०२० मध्ये आला, तो तुमच्या-माझ्यासारख्या सुमारे १५,५०० माणसांनी ई-बर्ड या पक्षीनोंदींच्या संकेतस्थळावर केलेल्या १ कोटीहून जास्त नोंदींवर उभा होता. पक्षी वाढला की घटला हे त्यात कसं ठरवलं? लोकांनी पाठवलेल्या, दिसलेल्या पक्ष्यांच्या शंभर याद्यांपैकी किती याद्यांत तो पक्षी आहे, हे दरसाल बघून. यादी पाठवताना ई-बर्ड विचारतं, दिसलेले सगळे पक्षी नोंदवलेत का? तुम्ही हो म्हणालात आणि यादीत कावळा, पारवा, साळुंकी, दयाळ, तांबट आहेत पण चिमणी नाही, तर ती चिमणीच्या खात्यातली खरीखुरी शून्याची नोंद होते. फक्त चिमण्याच पाठवल्या तर ज्या दिवशी त्या नव्हत्या तो दिवस हिशेबातच येत नाही. बॉम्बे नॅचरल हिस्ट्री सोसायटी (बीएनएचएस) आणि इतर संस्थांनी मिळून २०१२ मध्ये केलेल्या ‘सिटिझन स्पॅरो’ पाहणीतही चिमणी कुठे आहे याइतकंच ती कुठे नाही हेही लोकांकडून मागवलं होतं. ई-बर्डवर पक्ष्यांची मराठी नावं मिळतात, तेव्हा इंग्रजीची भीती नको. सुरुवातीला सोबत हवी असेल तर फेब्रुवारीतल्या चार दिवसांच्या ‘ग्रेट बॅकयार्ड बर्ड काउंट’ या पक्षीगणनेत भाग घ्या. २०१३ पासून आपल्याकडचे लोकही त्यात मोजतात.

त्याच २०२० च्या अहवालात दोन गोष्टी शेजारी शेजारी आहेत. देशभराचा विचार केला तर चिमणी गेली पंचवीसेक वर्षं साधारण टिकून आहे, पण मुंबई, दिल्ली, कोलकाता, चेन्नई, बंगळूर, हैदराबाद या सहा महानगरांत ती हळूहळू घटते आहे. टॉवरबद्दल यजमानांना एवढंच सांगा, की त्याच्या लहरींनी चिमण्या गेल्या याला आतापर्यंतच्या पुराव्यांचा आधार नाही.

मला स्वतःला जे दिसलं ते असं. चाळीत लाकडी वासे होते, मंगलोरी कौलं होती, भिंतीला पोपडे होते. चिमणीला काडी खोचायला जागाच जागा. दुपारी बायका गॅलरीत बसून सुपात तांदूळ निवडायच्या, कणी-किडा खाली पडायचा. आज माझ्या सातव्या मजल्यावरच्या घराला एकही फट नाही आणि तांदूळ पाकिटातून निवडूनच येतो. शिवाय पहिले काही दिवस पिल्लांना दाणा चालत नाही, अळ्या आणि किडेच लागतात. तगर, जास्वंद, मेंदीचं कुंपण तोडून लाद्या बसवल्या की तेही जातात.

एक करून बघा ताई. माझ्या सातव्या मजल्याच्या यादीत बहुतेक दिवस चिमणीपुढे शून्यच असतं, पण खाली वाण्याच्या दुकानापाशी, गोणी उघडते तिथे, ६-७ हमखास मिळतात. तुम्हीही आठवड्यातून एकदा खाली उतरून १५ मिनिटं मोजा. त्या जागेची नोंद वेगळी ठेवा, गॅलरीच्या आकड्यात मिसळू नका.

प्रश्न : आमच्या जुन्या गिरणीच्या आवारात छताखाली शेकडो चिमण्यांची घरटी आहेत. संध्याकाळी सगळ्या चिरचिरत गोल गोल उडतात. मग चिमण्या संपल्या असं का म्हणतात?
– एक वाचक, लोअर परळ

उत्तर : दादा, तुमच्या वर्णनावरून त्या चिमण्या नाहीत, पाकोळ्या दिसतात. पंख कोयत्यासारखे वाकडे आणि अंग काळसर असेल, कमरेवर पांढरा पट्टा असेल, आणि तारेवर किंवा जमिनीवर कधीच बसत नसतील, तर नक्कीच पाकोळ्या. त्यांचे पाय उभ्या भिंतीला धरून लटकण्यापुरतेच असतात. पिसं आणि काड्या लाळेनं चिकटवून त्या छताला घरटी करतात. नोंद जरूर ठेवा, पण पाकोळी म्हणून. आवारात काम निघणार असेल तर घरट्यांत पिल्लं आहेत का हे आधी बघायला सांगा आणि ती उडेपर्यंत काम थांबवा.

प्रश्न : चिमण्यांसाठी लाकडी पेटी आणली. सहा महिने झाले, रिकामीच आहे. काय चुकलं?
– एक वाचक, बोरिवली

उत्तर : आधी एक महिना मोजा. चिमणी जन्मल्या जागेपासून फार लांब जात नाही, त्यामुळे आसपास चिमण्याच नसतील तर पेटी लावून त्या लांबून येणार नाहीत. तुमच्या भागात त्या दिसत असतील तर पेटी तपासा. भोक सव्वा इंचाचं, म्हणजे ३२ मिलिमीटरचं हवं. त्याहून मोठं असेल तर साळुंकी शिरते. भोकाखाली बसायला काडी नको, चिमणीला तिची गरज नसते आणि कावळ्याला मात्र सोय होते. पेटी ८-१० फूट उंचीवर लावा, पंख्यापासून आणि दुपारच्या उन्हापासून लांब. आपल्याकडे पावसाचा मारा नैऋत्येकडून येतो, तिकडे तोंड नको. कबुतरांसाठी जाळी लावली असेल तर ती फाटलेली नाही ना बघा, लोंबत्या दोऱ्यांत पक्ष्यांचे पाय अडकतात. एकदा जोडी आली की झाकण उघडून आत डोकावू नका, अंड्यातून निघाल्यावर पिल्लं साधारण दोन आठवड्यांत पेटीबाहेर पडतात. ती उडून गेली की आतलं जुनं गवत काढा, कोरडं फडकं फिरवा आणि पेटी परत त्याच खिळ्याला लावा.