टॅटू, चमकी आणि नर्सिंगचा युनिफॉर्म

प्रश्न : मनगटावर दोन वर्षांपूर्वीचा टॅटू आहे. वॉर्ड पोस्टिंगला तो झाकण्यासाठी स्लीव्ह घातली तर चालेल का?

नको. हात मनगटासकट धुवायचे असतात. साबण-पाण्याने ४० ते ६० सेकंद, हँडरबने (हातावर चोळायच्या अल्कोहोलच्या द्रावणाने) २० ते ३०. स्लीव्हची कड दर वेळी भिजते आणि तीच ओली कड पुढच्या रुग्णाच्या ड्रेसिंगला लागते. बँडेज गुंडाळलं तरी तेच. पूर्ण भरून आलेल्या टॅटूमुळे संसर्गाचा धोका वाढत नाही. हरकत असते ती युनिफॉर्मच्या शिस्तीची. (आजीच्या हातावरच्या गोंदणाला मात्र कुणी नाक मुरडत नाही!) ही शिस्त कॉलेजागणिक बदलते, म्हणून प्रवेशाआधीच लेखी विचारून घ्या.

प्रश्न : नाक टोचून तीन आठवडे झाले. ओटी (ऑपरेशन थिएटर) पोस्टिंग तोंडावर आहे. चमकी काढू का?

इतक्यात काढलीत तर छिद्र काही तासांतच आक्रसू लागेल. कानाची पाळी ६ ते ८ आठवड्यांत भरते, नाकपुडीला ४ ते ६ महिने लागतात, बुगडीच्या जागेला त्याहून जास्त. पण ओटीत दागिना चालत नाही, आणि त्याला कारण आहे. मास्क घासून फिरकी सैल होते. चमकी निर्जंतुक ट्रेमध्ये पडली तर अख्खा ट्रे बाद. शिवाय ओली जखम खाजते, हात नाकाकडे जातो, आणि जखमा चिघळवणाऱ्या स्टॅफिलोकॉकस जंतूचं घर नाकातच असतं. इन्चार्ज सिस्टरना आधीच सांगून पोस्टिंगची अदलाबदल होते का पाहा. पू किंवा लाली असेल तर ओटीत जाऊच नका.

प्रश्न : मिलिटरी नर्सिंगला जायचंय. खांद्यावर टॅटू आहे.

अडचण येईल. कोपरापासून मनगटापर्यंत हाताची आतली बाजू आणि तळहाताची मागची बाजू, एवढ्याच जागी कायमचा टॅटू चालतो. आदिवासी उमेदवारांना परंपरेनुसार सवलत आहे. लेझरने काढायचा तर सहा ते आठ आठवड्यांच्या अंतराने अनेक सिटिंग लागतात. काळा रंग लवकर फिकटतो, हिरवा-पिवळा चिवट. अर्ज भरल्यावर धावपळ करून भागत नाही.

प्रश्न : नवा टॅटू काढायचाच आहे. कधी काढू?

आधी हिपॅटायटिस बी लशीचे तीन डोस (०, १, ६ महिने) पूर्ण करा. मग मोठ्या सुट्टीच्या पहिल्याच आठवड्यात काढा, कारण वरची कातडी भरायला दोन ते चार आठवडे जातात. सुई तुमच्यासमोर सीलबंद पाकिटातून निघाली पाहिजे, शाई एकदाच वापरायच्या कपात ओतलेली हवी. त्यानंतर १२ महिने रक्तदान करता येणार नाही. कॉलेजचं शिबिर असेल तर तसं सांगा.