ब्रेड कापून विकायची सुरुवात कुठे झाली?

प्रश्न : आमच्या इथल्या बेकरीत ब्रेड अख्खा असतो, मागितला की मशीनवर टाकून स्लाईस करून देतात. परवा लेकीने विचारलं, हे मशीन पहिल्यांदा कोणी काढलं? मला सांगताच येईना. (एक वाचक, सातारा)

उत्तर : लेकीला सांगा, एका दागिनेवाल्याने! ऑटो रोहवेडर म्हणून अमेरिकेतल्या आयोवाचा माणूस, मिझुरीत सेंट जोसेफला त्याची दागिन्यांची दुकानं होती, ती विकून तो या मशीनच्या मागे लागला. १९१७ मध्ये कारखान्याला आग लागली, मशीन गेलं, ड्रॉइंगसुद्धा जळाली. त्यानंतर मशीन पुरं व्हायला दहा-एक वर्षं गेली, एवढी चिकाटी बघून मला तरी फार भारी वाटतं.

आणि नुसतं कापणं हा प्रश्न नव्हताच हो. अख्ख्या ब्रेडचं वरचं कवच आतला ओलावा धरून ठेवतं, स्लाईस केले की प्रत्येकाच्या दोन्ही बाजू उघड्या पडतात आणि ब्रेड वाळायला लागतो, त्यामुळे बेकरीवाले मशीन घ्यायलाच तयार नव्हते. रोहवेडरने आधी स्लाईस पिनांनी एकत्र धरून बघितले, ते काही जमलं नाही, मग त्याने मशीनच असं केलं की ब्रेड कापून लगेच कागदात गुंडाळून बाहेर. ते पहिल्यांदा घेतलं त्याच्या ओळखीतल्या फ्रँक बेंचने, मिझुरीतल्याच चिलिकॉथी गावच्या बेकरीत, आणि ७ जुलै १९२८ ला तिथे स्लाईस ब्रेड विक्रीला आला. पुढे सेंट लुईसच्या गुस्ताव पापेन्डिक या बेकरीवाल्याने स्लाईस विस्कटू नयेत म्हणून खाली पुठ्ठ्याचा ट्रे घातला आणि १९३० पासून वंडर ब्रेड या ब्रँडने स्लाईस ब्रेड अमेरिकाभर नेला.

ओलाव्याचं हे दुखणं मात्र सुटलं नाही. स्लाईस ब्रेडला जाड मेणकागद लागतो म्हणून महायुद्धात, जानेवारी १९४३ मध्ये, अमेरिकन सरकारने त्यावर बंदीच घातली! घरोघरी सकाळच्या घाईत सुरीने ब्रेड कापायची वेळ आली, बायका जाम वैतागल्या, शेवटी ८ मार्चला बंदी उठवावी लागली.

तुमचा बेकरीवाला मागितल्यावर कापून देतो ना, ते फार बरं आहे. घरात माणसं कमी असतील तर अर्धाच कापून घ्या, उरलेला अख्खा ठेवा.