८०० हॉर्सपॉवरला कुठला एक्सल?

प्रश्न: दादा, वागळे इस्टेटच्या गॅरेजात जुन्या मस्टँगला ८०० हॉर्सपॉवरचं इंजिन बसवतोय, फक्त ड्रॅगसाठी (सरळ रेषेतली छोटी शर्यत), मागचा मूळ ८ इंची एक्सल (इंच म्हणजे आतल्या मोठ्या दातेरी चाकाचा व्यास) टिकेल का?
– एक वाचक, ठाणे

उत्तर: नाही रे, स्लिक टायर (खाचा नसलेले शर्यतीचे टायर) रस्त्याला चिकटले की दात उडालेच समज. फोर्डचाच ९ इंची घे, १९५७ पासूनचं डिझाइन, पिनियनला (इंजिनकडून फिरणारं छोटं दातेरी चाक) मागून तिसरं बेअरिंग आहे त्यामुळे लोड आला तरी पिनियन क्राऊनपासून (ते फिरवतं ते मोठं दातेरी चाक) सरकत नाही, शिवाय दातेरी चाकांचा अख्खा गाभा पुढून निघतो म्हणजे गिअर रेशो बदलणं सोपं. डाना ६० हा दुसरा एक्सल पण दणकट, पण जड. जुने २८ स्प्लाइनचे (टोकावरच्या उभ्या खाचा) शाफ्ट मात्र अजिबात ठेवू नको, ३५ चे टाक, मी तुटलेला एक हातात घेतलाय, स्प्लाइन अक्षरशः सुंभासारख्या पिळल्या होत्या. आणि स्पूल (डिफरेन्शियलऐवजी दोन्ही मागची चाकं एकत्र जखडणारा तुकडा) लावलास तर गाडी घोडबंदर रोडवर काढू नकोस, वळणावर दोन्ही चाकं सारखीच फिरतात, म्हणजे टायर घासत जातात.