कॅनिस्टर व्हॅक्यूमला दुसऱ्या कंपनीचं पॉवर नोझल चालतं का?

तुमचा प्रश्न असा: न्यू जर्सीत घेतलेल्या कॅनिस्टर व्हॅक्यूमच्या (चाकांवरचं मशीन वेगळं, नळी-दांडा वेगळा) पॉवर नोझलमधला, म्हणजे दांड्याच्या टोकाच्या मोटरवाल्या तोंडातला, कार्पेटवाला ब्रश फिरायचा थांबलाय, हवेची ओढ मात्र चांगली आहे, तर ऑनलाइन दिसणारं दुसऱ्या कंपनीचं स्वस्त नोझल घेऊ का, आणि पुढे पुण्याला परतताना ते तिथल्या मशीनला लागेल का.

चालू शकतं. पण आधी जुनं नोझल खरंच गेलंय का ते बघा. मी बघितलं नव्हतं. आमचा ब्रश बंद पडला तसं मी थेट नवं नोझल मागवलं, खटकन बसवलं, तर तेही ढिम्म. बायकोने सहज नळी उचलून मुठीजवळ वाकवली आणि ब्रश दोन सेकंद घरघरला, परत गप्प. दोष नळीत होता! या नोझलला स्वतःची मोटर असते आणि तिची वीज मशीनमधून नळीतून, मग दांड्यातून खाली उतरते. मुठीजवळ नळी सारखी मुरडते, तिथेच आतली तार तुटते. ती उघडून चिकटपट्टीने जोडायच्या फंदात पडू नका, आत 120 व्होल्ट खेळत असतात. नळी बदलायची.

तेव्हा प्लग काढा आणि नोझल उलटं करा. ब्रशभोवती केसांचं वेटोळं बसलेलं असेल (लांब केसांच्या घरात असतंच), तर कात्रीने उभं कापून ओढून काढा. केस अडकून ब्रश जाम झाला की बऱ्याच नोझलची मोटर स्वतःहून बंद होते. त्यावर छोटं रीसेट बटण असेल तर दाबून बघा. मोटरचा आवाज येतोय पण ब्रश हलत नाही, असं असेल तर आतला रबरी पट्टा तुटलाय किंवा घसरलाय. पट्टा नव्या नोझलच्या मानाने अगदी स्वस्तात येतो.

एवढं करूनही नोझलच गेलेलं निघालं, तर दांड्याचं टोक मोजा. काही मशीनचा पाइप 32 मिलिमीटरचा असतो, काहींचा 35चा, उदाहरणार्थ मीले (Miele) कंपनीच्या मशीनचा. "अडॅप्टर मिळतो की" असं विक्रेता म्हणेल, पण साधा अडॅप्टर फक्त हवा जोडतो, वीज नाही. दांड्याच्या टोकाशी असलेले विजेचे पिन नोझलच्या खाचेत नेमके बसले पाहिजेत, नाहीतर ओढ येईल आणि ब्रश तसाच थंड. जुन्या धाटणीच्या काही मशीनमध्ये नोझलची वायर दांड्याच्या बाहेरून येते, तिथे तिचा प्लग जुळतो का ते बघा. मग नोझलच्या पोटावरची पट्टी वाचा: व्होल्ट अगदी तेच हवेत आणि अँपिअर जुन्यापेक्षा जास्त नकोत. मला विचाराल तर तुमच्याच मॉडेलचं जुनं, वापरलेलं नोझल हे परक्या कोऱ्या नोझलपेक्षा बरं.

हे सगळं नको असेल तर टर्बो ब्रश घ्या. तो नुसत्या ओढलेल्या हवेवर फिरतो, पिनांची भानगड नाही, फक्त पाइपचं माप जुळलं की झालं. पातळ कार्पेटवर छान चालतो. जाड, लोकरी कार्पेटवर मात्र धापा टाकतो आणि थांबतो.

पुण्याला नेऊ नका. तिकडे 230 व्होल्ट. इथलं 120चं नोझल तिथल्या विजेवर जळेल. आख्खं मशीन न्यायचं म्हटलं तरी 12 अँपिअरचं मशीन म्हणजे 1440 वॉट, त्याला वीटभट्टीच्या विटांएवढा जड ट्रान्सफॉर्मर लागेल. आणि तिथे घरभर फरशी; फिरता ब्रश फरशीवरचा खडा उचलून भिंतीवर भिरकावतो, एवढंच.