‘कंडक्टिव्ह’ लिहिताना सुरुवातीला एवढं सांभाळ

पुण्यात इंजिनिअरिंगला मराठी माध्यमातून आलेल्या बऱ्याच मुलांचं इंग्रजीत जर्नल लिहिताना ‘कंडक्टिव्ह’ (conductive, म्हणजे वाहक) या शब्दापाशीच अडतं, तेव्हा घाबरू नकोस.

सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे कशाचं वहन ते लिही: ‘इलेक्ट्रिकली कंडक्टिव्ह’ की ‘थर्मली कंडक्टिव्ह’. शुद्ध हिरा तांब्याच्या साधारण ५ पट चांगली उष्णता वाहून नेतो, पण विजेला मात्र तो रोधक! मग नुसतं ‘डायमंड इज कंडक्टिव्ह’ वाचून परीक्षकाने काय समजायचं?

नेहमीच्या चुका दोन:

- ‘हाय कंडक्टिव्ह’. नामाआधी ‘हाय’, विशेषणाआधी ‘हायली’. म्हणून ‘कॉपर हॅज हाय कंडक्टिव्हिटी’, पण ‘कॉपर इज हायली कंडक्टिव्ह’. तुलना करताना ‘मोअर’ पुरे: ‘सिल्व्हर इज मोअर कंडक्टिव्ह दॅन कॉपर’.
- स्पेलिंगमधला ‘टी’ गळणे. मग शब्द ‘कंड्युसिव्ह’ होतो, म्हणजे पोषक किंवा अनुकूल. तोही खरा शब्द असल्याने स्पेलचेकर बहुधा गप्प बसतो. हा ‘टी’ स्वतःच्या डोळ्यांनी बघ.

‘कंडक्टिंग’ आणि ‘कंडक्टिव्ह’मधला बारीक फरक आत्ता सोडून दे. पुढच्या प्रॅक्टिकलचा निष्कर्ष स्वतःच्या वाक्यांत लिही, मागच्या बॅचच्या जर्नलमधून उतरवू नकोस. तुला नक्की जमेल.