पार्किन्सनच्या रुग्णाला उठताच चक्कर, बद्धकोष्ठता आणि रात्री वारंवार लघवी: हा वयाचा भाग की आजाराचा?

आपल्या सासऱ्यांना पार्किन्सन होऊन सहा वर्षे झाली आहेत आणि हाताच्या कंपापेक्षा या तीन तक्रारींनीच ते हैराण आहेत, असे आपण लिहिले आहे. ठाण्यात माझ्या वडिलांची शुश्रूषा करताना मी हेच पाहतो. मी डॉक्टर नाही. तरीही हे सारे वयाच्या खात्यावर टाकू नये, असे माझे स्पष्ट मत आहे.

रक्तदाब, आतडी, मूत्राशय, घाम यांचा कारभार स्वायत्त मज्जासंस्था आपल्या नकळत सांभाळते. पार्किन्सनमध्ये अल्फा-सिन्युक्लिन हे प्रथिन मेंदूप्रमाणेच आतड्यांच्या आणि हृदयाच्या चेतातंतूंतही साचते, त्यामुळे बद्धकोष्ठता कंपाच्या कित्येक वर्षे आधी सुरू झालेली असू शकते. जठरही संथ होते. मग लेव्होडोपा या पार्किन्सनच्या मुख्य औषधाची गोळी वेळेवर घेऊनही तिचा गुण उशिरा येतो, म्हणून पोटाची तक्रार किरकोळ समजू नये.

चक्करेसाठी मात्र आधी मोजमाप करावे. पाच मिनिटे आडवे झोपवून रक्तदाब घ्यावा आणि नंतर उभे करून, आधाराला कोणीतरी शेजारी ठेवून, पहिल्या व तिसऱ्या मिनिटाला पुन्हा घ्यावा. वरचा आकडा २० किंवा खालचा १० ने उतरला, तर तो उभे राहिल्याने होणारा रक्तदाबपात होय. नाडीही लिहून ठेवावी, कारण दाब इतका उतरूनही ती फारशी वाढत नसेल तर दोष चेतातंतूंचा असण्याची शक्यता अधिक असते. दवाखान्यात बहुधा बसवूनच दाब मोजतात, त्यामुळे हा उतार निसटतो. वडिलांचा आडवा असताना १५२ असलेला दाब उभे राहिल्यावर ११८ झाला होता. तलावपाळीवर फेरी मारताना त्यांची मान आणि खांदे भरून येत व कट्ट्यावर टेकताच ते दुखणे ओसरत असे; तेही याच उताराचे लक्षण निघाले.

या नोंदींचा कागद आणि सर्व गोळ्यांची यादी न्यूरॉलॉजिस्टना दाखवावी. लेव्होडोपा, रक्तदाबाच्या गोळ्या आणि प्रोस्टेटसाठी दिले जाणारे टॅमसुलोसिन, ही सर्व दाब उतरवू शकतात. पण कोणतेही औषध परस्पर बंद करू नये, लेव्होडोपा तर मुळीच नाही. पाणी भरपूर द्यावे, आपल्याकडच्या मे महिन्यातल्या घामात तर विशेष. मीठ वाढवण्यापूर्वी हृदय व मूत्रपिंड यांचा विचार डॉक्टरांनी करायला हवा. भरपेट जेवणानंतर दाब आणखी उतरतो, म्हणून थोडे थोडे वाढावे. गणपतीत तर आरती जेवणाआधी उरकलेली बरी.

रात्रीच्या लघवीला मूत्राशयाची अतिसंवेदनशीलता कारण असतेच, पण एक दुवा सहसा सांगितला जात नाही. दिवसा उभे राहताच उतरणारा दाब अशा रुग्णात आडवे झाल्यावर पुष्कळदा चढतो आणि मूत्रपिंडे रात्री अधिक लघवी तयार करतात. उशांचा ढीग लावल्याने फक्त मान वाकते. त्याऐवजी पलंगाच्या डोक्याकडच्या पायांखाली विटा किंवा लाकडी ठोकळे घट्ट बसवावेत, म्हणजे रात्रीचा दाब आणि सकाळची चक्कर दोन्ही कमी होण्यास मदत होते. पलंगाशेजारी लघवीचे भांडे ठेवावे.

आपल्या सासऱ्यांना हा दाबपात आजाराच्या पहिल्या एक-दोन वर्षांतच तीव्र झाला होता का, हेही डॉक्टरांना आवर्जून सांगावे; तसे असल्यास मल्टिपल सिस्टिम अ‍ॅट्रॉफी या वेगळ्या आजाराची शक्यता ते तपासून पाहतील.